पाय लागला तर

माझा बूट तिच्या नडगीवर आदळला, ती "आव्" म्हणून ओरडली आणि मी चेंडू, खेळ, सगळं सोडून खाली वाकले. तिच्या गुडघ्याला हात लावला, तोच हात स्वतःच्या छातीला लावला आणि सरळ उभी राहिले. तेवढ्यात चेंडू माझ्या मागून निघून आमच्याच जाळ्यात जाऊन बसला होता.

मैदानावर सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. कोच पॉल सावकाश चालत आला. तो गावात डुकरं पाळायचा आणि संध्याकाळी त्याच बुटांनी आम्हाला फुटबॉल शिकवायला यायचा, त्यामुळे तो जवळ आलाय हे मान वर न करताही कळायचं.

"तुझं काही पडलं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग खाली काय शोधत होतीस?"

"तिला माझा पाय लागला."

"ते मी पाहिलं. फुटबॉलमध्ये पाय लागतात."

"म्हणून नमस्कार केला."

पॉलनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. "हे तू दर वेळी करणार आहेस का?"

"लागला तर," मी म्हणाले.

मी केतकी शेटे, बार्शीची. वडिलांचं बी-बियाणांचं दुकान, आई शाळेत शिक्षिका, आणि घरावर राज्य वडिलांच्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे बेबीआत्याचं. मी अकरावीत असताना आमच्या गावातल्या एका क्लबानं विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीचा कार्यक्रम सुरू केला. आपली मुलगी वर्षभर परदेशात एका घरी राहणार, त्या घरचा मुलगा आपल्याकडे. मुलाखतीत मला विचारलं, तिकडे काय घेऊन जाशील? मी छाती फुगवून सांगितलं, "आपली संस्कृती." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात तेव्हा नऊवारी, लेझीम आणि रांगोळीचे रंग होते, आणि ते सगळं मी खरोखरच बॅगेत कोंबून नेलं. वर्षभरात त्यातलं कुणी काही विचारलं नाही. रांगोळी तेवढी विमानतळावरच्या माणसानं फार बारकाईनं पाहिली.

माझ्या वाट्याला आलं डेन्मार्कमधलं स्कोवहोल्म. एक चर्च, एक दुकान, एक फुटबॉलचं मैदान आणि चोहीकडून वारा. ज्या घरात मी राहिले तिथला मुलगा रासमुस आमच्याकडे बार्शीला गेला होता, आणि मी त्याच्या खोलीत, त्याच्या मोटारसायकलींच्या चित्रांखाली झोपत होते. घरात त्याचे आईवडील होते आणि माझ्याच वयाची बहीण, मेटे. उंच, गंभीर, मोजकं बोलणारी. पहिल्या दिवशी सकाळी तिनं मला इंग्रजीत एकच प्रश्न विचारला.

"तू पळू शकतेस का?"

"हो. मी शाळेत खो-खो खेळायचे."

"छान," मेटे म्हणाली. त्या आठवड्यात आमचं झालेलं सगळ्यात मोठं संभाषण तेच.

कारण मला नंतर कळलं. त्यांच्या गटात सात जणींचा संघ लागायचा आणि गावात त्या वयाच्या मुली सहाच होत्या. मेटे त्या संघाची कप्तान आणि गोलकीपर. अदलाबदलीत भाऊ गेला आणि सातवी मुलगी मिळाली, हा सौदा तिला बरा वाटला असावा. पण खो-खोमध्ये हात लागतो, पाय लागत नाही, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

त्या पहिल्या आठवड्यांत मी फार एकटी होते. बार्शीला गल्लीत कुणी नवीन माणूस आला तर त्याचं गाव, आडनाव, पगार आणि लग्न ठरलंय की नाही हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत झालेलं असतं. इथं लोक माझ्याकडे बघून छान हसायचे आणि मला एकटं सोडायचे. तो त्यांचा सभ्यपणा होता, हे कळायला मला बरेच दिवस लागले. तोवर मी रासमुसच्या पलंगावर बसून आत्यानं दिलेलं मेतकूट कोरडंच खायचे आणि मधूनमधून रडायचे. दिवसभरात माझं नाव मोठ्यानं घेणारी जागा एकच होती, ते मैदान. "केतकी, मागे! केतकी, डावीकडे!" वाऱ्यातून आलेली ती हाक ऐकली की मला बरं वाटायचं. खेळ मला जेमतेम येत होता, पण सातवी मी होते, आणि माझ्यावाचून त्यांचं अडत होतं.

घरी फोन केला तेव्हा आत्यानंच उचलला.

"काय करतीस गं दिवसभर?"

"फुटबॉल खेळते."

"म्हंजी ते लाथा मारायचं?"

"चेंडूला मारायच्या, आत्या."

"चेंडूलाच ना? लोकांच्या लेकीबाळींना न्हाई ना?"

"चुकून लागते कधीकधी."

"लागली तर नमस्कार करतीस का न्हाई?"

"करते."

"मग खेळ," आत्यानं परवानगी दिली. "इथं तुमच्या त्या रासमुसनं काल पेपरवर पाय दिला. म्या म्हटलं, उचल तो पाय आन् कर नमस्कार. केला बिचाऱ्यानं. गुणाचं पोरगं हाय. चार भाकरी खातंय."

आत्याच्या शिकवणीत सूट नव्हती. पुस्तकाला पाय लागला, नमस्कार. माणसाला लागला, नमस्कार. एकदा मी झोपेत लाथ मारली म्हणून सकाळी धाकट्या भावाला नमस्कार करायला लावला होता. लहानपणापासून ते इतकं अंगात मुरलं होतं की पाय लागला की हात आपोआप जायचा, मध्ये डोकं यायचंच नाही. मला ते करायचं असायचं असंही नाही. शिंक आल्यावर आपण कुठं ठरवतो.

पॉलनं इलाज करून पाहिला. माझ्या दोन्ही हातांत एकेक हातमोजा धरायला दिला. हातात काहीतरी असलं की आठवेल, असं त्याचं म्हणणं. सरावात पहिल्याच धक्क्याला मी मोज्यासकट नमस्कार केला आणि बाकीच्या पोरींची हसून मुरकुंडी वळली. डेन्मार्कमध्ये इतक्या मोठ्यानं हसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यातल्या एकीनं सराव संपल्यावर मला सायकलवरून घरापर्यंत सोबत केली. ती काही बोलली नाही, पण सोबत केली.

मेटे मात्र हसली नव्हती. त्या दिवशी भांडी पुसताना तिनं विचारलं, "तू देव मानतेस का?"

"फारसं नाही."

"मग हे का करतेस?"

"पाय लागला म्हणून."

"हो, पण त्याचा अर्थ काय?"

मी विचार केला. आत्यानं कधी अर्थ सांगितला नव्हता, फक्त डोळे वटारले होते. "अर्थ म्हणजे, आपला पाय लागला हे आपल्याला माहीत आहे, एवढंच," मी म्हणाले. "तुमच्यात काय करतात?"

मेटेनं ताट नीट पुसून ठेवलं. "दुकानात एखाद्याला धक्का लागला तर आम्ही दोघंही काही झालंच नाही असं दाखवतो. त्यानं समोरच्याला अवघडल्यासारखं होत नाही."

"आणि दुखलं तर?"

"घरी जाऊन बघतो," मेटे म्हणाली.

माझ्या नमस्काराला भाव आला तो स्वेनमुळे. स्वेन हे आमच्या भागातले पंच. वय झालेलं, चष्मा जाड, आणि खेळ एका टोकाला असला की ते हमखास दुसऱ्या टोकाला धापा टाकत असायचे. एका सामन्यात समोरच्या संघाची एक मुलगी माझ्याजवळ येऊन पडली आणि मी पाडलं म्हणून तिनं हात वर केले. त्यांचा कोच ओरडायला लागला. स्वेन धावत आले. काय झालं ते त्यांना काडीचंही दिसलेलं नव्हतं. आधीच्या सामन्यांत त्यांनी माझे नमस्कार पाहिले होते. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तिनं नमस्कार केलेला नाही," ते म्हणाले. "म्हणजे पाय लागलेला नाही. खेळ सुरू."

आणि खरंच लागला नव्हता. ती स्वतःच्याच बुटाच्या नाडीत अडकली होती.

त्या दिवशी पॉलनं हातमोजे परत मागून घेतले. "तुझ्या हातांवर स्वेनचा स्वतःच्या चष्म्यापेक्षा जास्त विश्वास आहे," तो म्हणाला. "चालू दे." आसपासच्या गावांत ही गोष्ट पसरली. मी मैदानात उतरले की समोरच्या पोरी आपापसांत कुजबुजायच्या. कुणाला माझा पाय लागला आणि मी नमस्कार केला की स्वेन शिट्टी वाजवायचे. नाही केला की वाजवायचे नाहीत. असला सोपा न्याय त्या भागात पूर्वी कधी झाला नसेल. मला तर एकदम महत्त्वाचं माणूस झाल्यासारखं वाटायला लागलं. दुकानातल्या बाई मला नावानं हाक मारायला लागल्या आणि एक दिवस त्यांनी चक्क विचारलं की तुमच्याकडे थंडी पडते का. मी त्यांना बार्शीचं हवामान बारा महिन्यांचं सांगितलं.

पण नमस्कारानं सामने जिंकता येत नाहीत. ऑक्टोबर संपत आला तेव्हा आमचा संघ तळाला रेंगाळत होता. शेवटचा सामना शेजारच्या एंगेलुंडशी होता, आणि सामन्याच्या दोन दिवस आधी गावच्या फुटबॉल क्लबच्या समितीनं मेटेला बोलावून सांगितलं की सहा-सात मुलींवर संघ चालवणं आता परवडत नाही. तळाला राहिलात तर संघ बंद, आणि ज्यांना खेळायचंय त्यांनी एंगेलुंडच्या संघात जायचं. सामना बरोबरीत सुटला तरी आम्ही एक पायरी वर राहणार होतो. हरलो तर संपलं.

मेटेच्या आजोबांनी ते मैदान स्वतः नांगरून सपाट केलं होतं. तिची आई त्याच संघातून खेळली होती. स्वयंपाकघरात आईच्या संघाचा फोटो होता, त्यात ती गोलमध्ये उभी, अगदी मेटेसारखे हात पसरून. मेटेला यातलं काही बोलून दाखवायची सवय नव्हती. सामन्याच्या दिवशी सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"एक मागायचं आहे," ती म्हणाली.

"माग."

"फक्त आजच्या दिवस नमस्कार करू नकोस. पाय लागला तर लागला. स्वेन बघत नसतील तर नसतील. बाकीच्या सगळ्या असंच खेळतात."

मेटेनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पळू शकतेस का, एवढंच विचारलं होतं. आणि तो संघ गेला तर माझं तरी काय उरणार होतं? पुन्हा ती खोली, मोटारसायकली आणि मेतकूट.

"नाही करणार," मी म्हणाले.

मैदानावर आले तेव्हा मी जर्सीच्या लांब बाह्या ओढून मुठीत घट्ट धरल्या. सबंध सामना मी तशीच खेळले. दोनदा कुणाच्या तरी पोटरीला माझा बूट लागला, दोन्ही वेळा हात निघाला आणि मी तो बाहीला धरून मागे खेचला. अंगभर खाज सुटावी आणि खाजवता येऊ नये तसं वाटत होतं. पण मी टिकले. आमच्या बाजूनं एक गोल झाला, त्यांच्या बाजूनं एक. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि वारा इतका होता की चेंडू हवेत गेला की परतच यायचा नाही. पॉल टोपी हातात धरून उभा होता. बरोबरी आमच्या हातात होती.

तेवढ्यात एंगेलुंडची कामिला चेंडू घेऊन निघाली. त्यांची सगळ्यात चांगली खेळाडू तीच. सगळ्यांना चुकवत ती थेट माझ्यासमोर आली आणि मलाही चुकवून गोलसमोरच्या चौकटीत शिरली. मी मागून पाय लांब केला. चेंडूपर्यंत तो पोचला नाही. तिच्या टाचेला लागला, अगदी ओझरता, आणि ती तोंडावर पडली. चेंडू गडगडत रेषेबाहेर गेला.

स्वेन नेहमीप्रमाणे लांब होते. धापा टाकत आले, आणि आल्या आल्या त्यांनी पडलेल्या कामिलाकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

सगळ्याच माझ्या हातांकडे बघत होत्या. ते मुठीत बाह्या धरून स्तब्ध होते.

स्वेन थोडा वेळ थांबले. मग त्यांनी मान हलवली. "पाय लागलेला नाही," ते म्हणाले आणि कामिलाकडे वळले. "ऊठ. शेवटच्या क्षणी असलं नाटक शोभत नाही." आणि त्यांनी खिशातून पिवळं कार्ड काढलं.

"तिनं पाडलं मला," कामिला म्हणाली. तिच्या हनुवटीला चिखल लागला होता आणि डोळे भरून आले होते. "खरंच पाडलं."

"तिनं पाडलं असतं तर तिनं नमस्कार केला असता," स्वेन म्हणाले. "सगळ्यांना माहीत आहे ते."

कामिलाच्या स्वतःच्या संघातल्या मुलीसुद्धा काही बोलल्या नाहीत. एकीनं तर नजर वळवली. मागे मेटेनं गोलकिकसाठी चेंडू ठेवला होता. मला फक्त उभं राहायचं होतं. काही म्हणायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं. माझ्या हातांनी माझ्याऐवजी साक्ष दिली होती आणि सगळ्यांनी ती मानली होती.

मी बाह्या सोडल्या. दोन पावलं पुढे गेले, कामिलाच्या टाचेला हात लावला आणि छातीला लावला.

आजवर मी हजारदा नमस्कार केले असतील. ते आत्यानं घातलेल्या वळणानं झाले होते. हा मी केला.

स्वेननी कार्ड खिशात घातलं आणि पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं.

मी मेटेकडे पाहायचं टाळणार होते, पण पाहिलं. ती गोलच्या मधोमध जाऊन हात पसरून उभी राहिली होती, फोटोतल्या तिच्या आईसारखी. कामिलानं चेंडू मारला. मेटेनं बरोबर बाजूला झेप घेतली, चेंडू तिच्या बोटांना लागला, आणि बोटांना लागूनच आत गेला.

सामना संपल्यावर तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी रांगेत उभं राहून एकमेकींना हात मिळवत "सामन्याबद्दल आभार" म्हटलं. कामिलानं माझा हात जरा जास्त वेळ धरला. पॉल माझ्याजवळ आला. "पुढच्या वेळी पाय जरा आखूड टाक," तो म्हणाला. मग पुढची वेळ नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं टोपी घातली आणि जाऊन कोपऱ्यातले झेंडे उपटायला लागला.

घरी जाताना मेटेची सायकल पुढे होती. पवनचक्कीच्या चढावर ती रोज माझ्यासाठी थांबायची. त्या दिवशी थांबली नाही. वारा समोरून होता आणि मी पायडल मारता मारता रडत होते. चूक केली असं मला एक क्षणही वाटलं नाही, आणि त्यानं रडू काही कमी होत नव्हतं.

दाराशी नेहमीसारखा बुटांचा ढीग होता. आत मेटेच्या आईनं पाव भाजले होते, त्यांचा वास बाहेरपर्यंत येत होता. मी उंबऱ्यावर बसून नाड्या सोडत होते. माझ्याआधी पोचलेली मेटे मागच्या अंगणात रेंगाळून आता आली आणि माझ्या अंगावरून आत जायला लागली. वाट अरुंद होती. तिचा बूट माझ्या गुडघ्याला चांगलाच लागला.

ती तशीच पुढे गेली. दोन पावलांवर थांबली. डॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटली, ते माझ्यासाठी नव्हतं. मग परत आली, उंच माणसाला वाकायला लागतो तेवढा वेळ घेऊन वाकली, माझ्या गुडघ्याला हात लावला आणि स्वतःच्या छातीला लावला.

"असंच ना?" तिनं विचारलं.

"उजव्या हातानं," मी म्हणाले. "तू डाव्यानं केलास."

मेटेनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मग पुन्हा वाकली आणि उजव्या हातानं केला. आणि तिथंच, बुटांच्या ढिगात, माझ्या शेजारी बसली.

"मी अजून चिडलेली आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"खूप."

"हो."

बराच वेळ आम्ही आपापल्या नाड्या सोडत बसलो. चिखलानं त्या सुटत नव्हत्या.

"कामिला चांगली खेळते," मेटे म्हणाली.

"हो ना."

"आता ती आपल्या संघात येईल."

"आपण तिच्या संघात जाणार."

"तेच ते," मेटे म्हणाली, आणि तिच्या गंभीर चेहऱ्यावर जे काही उमटलं त्याला त्या घरात हसणं म्हणत. आतून तिच्या आईनं पाव गार होताहेत म्हणून हाक मारली. मेतकूट घालून लोणी लावलेला पाव मेटेनं त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला. नंतर तिनं माझा डबा संपवला.

बार्शीला फोन करून मी आत्याला सगळं सांगितलं. संघ बुडाला तेही सांगितलं.

"पाय लागला होता ना?" आत्यानं विचारलं.

"लागला होता."

"मग त्यात इच्चारायचं काय?" म्हणून तिनं विषय संपवला आणि फोन रासमुसकडे दिला. आपल्या आजोबांच्या मैदानावर काय झालं ते त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग चार महिन्यांत कमावलेल्या अस्सल बार्शीच्या मराठीत म्हणाला, "आगं, येडी हाईस का तू?" मागून आत्या त्याला रागावल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

वसंतात आम्ही एंगेलुंडच्या मुलींबरोबर खेळायला लागलो. सरावाला एक दिवस त्यांचं मैदान, एक दिवस आमचं. आता खेळाडू भरपूर होत्या, त्यामुळे मी बहुतेक वेळ बाकावर असायचे, आणि खरं सांगायचं तर संघाला ते फार मानवलं. जुलैत मी परत आले. विमानतळावर मेटेनं मिठी मारली, त्यात तिचा बूट माझ्या पायावर पडला, आणि मग आम्हाला दोघींनाही हसू आवरेना.

या गोष्टीला आता सोळा-सतरा वर्षं झाली. मध्यंतरी कामासाठी हॅम्बुर्गला गेले होते, तिथून गाडी पकडून स्कोवहोल्मला गेले. मेटे आता तिथंच शाळेत शिकवते आणि शनिवारी लहान मुलांना फुटबॉल शिकवते. तिच्यासाठी आत्यानं दिलेला मेतकुटाचा डबा घेऊन मी मैदानाच्या कडेला बसले. तोच वारा, तेच मैदान, फक्त खेळणारी मंडळी गुडघ्याएवढी. वीसेक तरी होती. चेंडू एक आणि सगळी त्याच्यामागे.

एका मुलीनं चेंडू समजून दुसरीच्या पायावर लाथ मारली. पुढचे दोन दात पडलेली, झिपरी, सहाएक वर्षांची. ती थांबली, वाकली, दुसरीच्या पायाला हात लावला, छातीला लावला आणि धूम पळाली. मला वाटलं, मला भास झाला. थोड्या वेळानं एका मुलानं तसंच केलं. मग आणखी एकानं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मी मेटेकडे पाहिलं. ती मैदानाकडे अशी टक लावून बघत होती की जणू तिथं जागतिक अंतिम सामनाच चालला आहे.

खेळ संपल्यावर ती झिपरी मुलगी पाणी प्यायला माझ्याजवळ आली. मी माझ्या मोडक्या डॅनिशमध्ये तिला विचारलं, "तू ते मघाशी वाकून काय करत होतीस?"

तिनं पाण्याची बाटली तोंडापासून बाजूला केली. एवढंही माहीत नसलेल्या माणसाची तिला कीव आली असावी.

"पाय लागला तर करतात," ती म्हणाली.

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. इथं सगळेच करतात." तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमच्या गावात नाही करत?"

बार्शीबद्दल काय सांगायचं ते मी डॅनिशमध्ये जुळवायला लागले. तिला वाटलं असावं, नाहीच करत. तिनं बाटली खाली ठेवली, समजुतीनं माझ्या बुटाला हात लावला आणि स्वतःच्या छातीला लावून दाखवला.

"सोपं आहे," ती म्हणाली. "फक्त उजव्या हातानं करायचं. डावा चालत नाही."